दुसरी कुडी

आमच्या घरात मोत्यांच्या कुड्यांचा एक जोड होता आणि त्यातली एकच कुडी वापरात होती. त्या आईच्या लग्नातल्या. मी झाले तेव्हा तिने त्या माझ्यासाठी काढून ठेवल्या आणि स्वतः साधे टॉप्स घालू लागली. दिवाळीला, संक्रांतीला, मंडळाच्या गणपतीला ती मखमली डबी उघडायची, एक कुडी माझ्या उजव्या कानात घालायची, फिरकी घट्ट करायची, दुसरीकडे एकदा बघायची आणि डबी मिटायची. डाव्या बाजूला माझे केस असत. ते तिने लहानपणापासून अशा बेताने वळवले होते की वाऱ्यालाही सहजी पत्ता लागू नये.

डावा कान मला जन्मापासून नाही. अगदीच नाही असेही नाही. कानाच्या जागी त्वचेची एक उभी मुडपलेली वळकटी आहे, खालच्या टोकाला जरा गुबगुबीत. आत भोक नाही, त्यामुळे त्या बाजूने ऐकूही येत नाही. असे का होते ते डॉक्टरांना सांगता येत नाही. आईने मात्र ग्रहणात चिरलेल्या भाजीपासून सासरच्या कुळाचारापर्यंत सगळी कारणे धुंडाळून पाहिली होती. रस्त्यात ती नेहमी माझ्या उजव्या हाताला चालायची. शाळेत बाईंना सांगून तिने मला डावीकडच्या भिंतीलगतचा बाक मिळवून दिला होता, म्हणजे सगळा वर्ग उजवीकडे राही.

बारशाच्या दिवशी आमच्या दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये करोल बागेतून एक मराठी सोनार आला होता. त्याने उजवा कान टोचला, डावीकडे पाहिले आणि म्हणाला, "कान आल्यावर टोचू." ही गोष्ट आई मला झोपताना सांगायची, इतर मुलांना चिऊकाऊची सांगतात तशी. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझ्या सोनाराने काम निम्म्यावर सोडले होते. पण कान येणार आहे, हे मला त्याच गोष्टीतून कळले. दुधाचे दात पडून दुसरे येतात तसा तो केव्हातरी येईल, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते.

थोडी मोठी झाल्यावर एका मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की बरगडीजवळची कूर्चा, म्हणजे ते मऊ, लवचीक हाड, काढून त्यातून कानाचा आकार कोरतात आणि त्वचेखाली बसवतात. त्यांनी फोटोही दाखवले. आई म्हणाली, "पोरीची छाती कापून कान करायचा? मला नको." बाबा ऑफिसातल्या फायलींवर शेरा मारावा तसे म्हणाले, "विज्ञान पुढे जातंय. थांबू." आम्ही थांबलो. थांबण्यात आमच्या घराचा हात कोणी धरला नसता.

मी कॉलेजात असताना वर्तमानपत्रात एक फोटो आला. उंदराच्या पाठीवर माणसाचा कान. परदेशात कुठेतरी कूर्चेच्या पेशी साच्यात वाढवून तो केला होता. मैत्रिणी शिसारी येऊन ओरडल्या. बाबांनी ते पान आणून जेवणाच्या टेबलावर पसरले आणि आईला म्हणाले, "बघ. आला कान." आईने किती तरी वेळ त्या उंदराकडे पाहिले. मग विचारले, "त्या बिचाऱ्याला ऐकू येतं का त्यातून?" त्या दिवशी आम्ही तिघेही पोट धरून हसलो. तिघे मिळून इतके हसल्याचे मला दुसरे आठवत नाही. पुढे मी जीवशास्त्र घेतले, एमएससी केले आणि पीएचडीला कूर्चा घेतली. का घेतली असे मुलाखतीत विचारले तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने भलतेच काही सांगितले.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि दोघे सांगलीला परत गेले. मी दिल्लीतच मुनिरकात खोली घेतली. खाली म्हशी, वर पाण्याच्या टाक्या, मध्ये आम्ही विद्यार्थी. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतल्या मुलीने कांदा चिरला तर माझ्या डोळ्यांना पाणी यायचे. लग्नाचे बँड, घरमालकाची भांडणे, सकाळचे भोंगे, सगळे अखंड चालू. मला त्याचा त्रास नव्हता. उजव्या कुशीवर झोपले की जग बंद. मैत्रिणी हेवा करायच्या, "यार, तेरा तो स्विच है." स्विच होता खरा, पण तो दाबल्यावर आत कोणीच नसे, हे त्यांना कुठून कळणार?

प्रयोगशाळेत आमचे काम स्टेम सेलचे होते. हाडांच्या मगजातून काही पेशी मिळतात, त्यांचे पुढे काय व्हायचे ते अजून ठरलेले नसते. हाड, चरबी, कूर्चा, काहीही. त्यांना कूर्चेकडे वळवायचे आणि मग अपघातात, कॅन्सरमध्ये किंवा जन्मतःच नाक-कान गमावलेल्यांना सर्जनने ती बसवायची, असा आमचा मनसुबा. या पेशींचा एक स्वभाव मला फार लवकर कळला. काचेसारख्या सपाट बशीत ऐसपैस पसरू दिल्या तर त्या लांबट होतात, सुखाने वाढतात आणि कूर्चा कधीच होत नाहीत. त्यांना नळीत घालून गरगर फिरवायचे, तळाशी एकमेकींवर दाटीवाटीने बसवायचे, तेव्हा कुठे त्या ताळ्यावर येतात. काही आठवड्यांनी नळीच्या तळाशी एक पांढरी, चकचकीत गोळी दिसते. पहिली गोळी मी उजेडात धरली तेव्हा मला ती आमच्या डबीतली वाटली. कुडीतला एकेक मोती तेवढाच असतो.

या गोळ्यांना दर दोन-तीन दिवसांनी खाणे घालावे लागते. जुना गुलाबी द्रव काढायचा, ताजा घालायचा. त्यांना रविवार कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. शिवाय त्यांचे चोचले. ठरावीक उष्णतेसाठी परदेशी इन्क्युबेटर, त्यासाठी स्वतंत्र खोली, खोलीला एसी आणि सगळ्यासाठी जनरेटर. नाकापेक्षा मोती जड. मी सणावाराला सांगलीला जाणे हळूहळू सोडले. बाबा अचानक गेले, तेव्हाही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले, कारण गोळ्या होत्या. मुंबईहून आलेल्या आत्या म्हणाल्या, "घरी लहान मूल असल्यासारखी पळतेस." आईने लाडवांचा डबा दिला आणि विचारले, "कुठवर आलंय?"

हाच प्रश्न ती दर रविवारी फोनवर विचारायची. स्वेटर कुठवर आला विचारावे तसा. मी म्हणायची, "येतोय."

नोकरी पक्की झाल्यावर मी गाझियाबादच्या नव्या वस्तीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तेव्हा सगळेच घेत होते. बँकांची माणसे फोन करून कर्ज घ्या म्हणून विनवायची. सोसायटीच्या नावात कुठेतरी डोंगर आणि फुले होती, खिडकीतून दिसत होते मोहरीचे उरलेले एक शेत आणि क्रेन. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको दोघेही गुडगावला कॉल सेंटरमध्ये. त्यांचा दिवस आमच्या रात्री उगवायचा, त्यामुळे त्यांची माझी भेट लिफ्टमध्ये, तीही चुकून. वीज गेली की सगळ्या इमारतींचे जनरेटर एकदम सुरू व्हायचे आणि मग तेवढाच काय तो शेजार ऐकू यायचा. माझ्याकडे खोल्या ऐसपैस होत्या. एकीत पलंग, एकीत टीव्ही, एक आई येईल म्हणून. सपाट बशीतल्या पेशींची मला अधूनमधून आठवण यायची आणि मग मी स्वतःवरच वैतागून भांडी घासायला घ्यायची.

कामाचे सांगायचे तर ते फसत होते. नळीतल्या गोळ्या सुंदर होत. उंदराच्या कातडीखाली ठेवल्या की काही आठवड्यांत आक्रसत, चुना धरत आणि हाड होऊन बसत. कूर्चा हा या पेशींचा मुक्काम नव्हताच, वाटेवरचे स्टेशन होते. कान हाडाचा करून चालत नाही. उशीवर डोके टेकले तर मोडेल. आमचे सर उत्साही होते. "दो साल और, बस," असे ते दर वर्षी म्हणत. साच्यासाठी नमुना म्हणून कोणाचा कान घ्यायचा असा प्रश्न आला तेव्हा मी माझा उजवा पुढे केला. त्याचा ठसा घेतला, कॉम्प्युटरवर उलटा केला, झाला डावा. शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांचा तो साचा मी स्वतः बसून आखला. बरोबर पाळीच्या वरपर्यंत. पाळीत कूर्चा नसते, तिथे नुसती चरबी आणि त्वचा. चर्चासत्रांत लावायच्या आमच्या प्रत्येक पोस्टरवर मी तिथे एक बाण काढून तसे लिहीत असे. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवले नाही.

मग सर गुडगावच्या एका चकाचक इमारतीतल्या कंपनीत गेले. जाताना म्हणाले, "तुम संभाल लोगी, बिल्कुल." प्रयोगशाळेत मी, एक इन्क्युबेटर आणि अनुदानाच्या अर्जांना वरून येणारी उत्तरे उरलो. आईला मी हे सांगितले नाही. ती विचारे, "कुठवर?" मी म्हणे, "येतोय." ती सत्तरीकडे झुकली होती आणि तिचे मागणे एवढे एकच होते. एकदा दोन्ही कुड्या घातलेल्या बघायच्या. मागणे साधे असले की नाही म्हणणे फार अवघड होऊन बसते.

आमच्या कामासाठी इस्पितळातून शस्त्रक्रियेत उरलेले कूर्चेचे तुकडे लागत. त्यासाठी रोग्यांच्या घरच्यांना आधी भेटून, समजावून, त्यांची संमती घ्यावी लागे. एका हिवाळ्यात मला निरोप आला की कानाच्या ऑपरेशनसाठी एक मुलगी आली आहे, वडील फौजेत, आई मराठी, तुम्हीच बोला.

कँटोन्मेंटमधून आलेली ती बाई बाहेरच्या बाकावर डब्यातली चपाती मुलीला भरवत होती. नवरा सीमेवर कुठेतरी होता. मी मराठीत सुरुवात केल्यावर तिचा चेहरा उजळला, मग ती हसायला लागली.

"बाई, तुमचं मराठी हिंदीवानी हाय की ओ."

"दिल्लीत वाढले ना," मी म्हणाले. "सांगलीची आहे, पण नावाला."

"आमी साताऱ्याकडचं. म्हंजी शेजारीच."

मी तिला समजावत होते. बरगडीची कूर्चा, उरलेला तुकडा, आमचे काम. ती मान डोलावत होती. तेवढ्यात मुलीने घास चावता चावता तोंड वळवले. तिची वळकटी उजवीकडे होती, माझ्यासारखीच उभी आणि मुडपलेली. आणि तिच्या खालच्या गुबगुबीत टोकात सोन्याची एक बारीक बाळी होती. थोडी तिरकी, पण ऐटीत. केस मागे घट्ट बांधून दोन्ही बाजू उघड्या. दुसऱ्या कानात तिची जोडीदार.

"हा... हा टोचला कधी?"

"बारशाला. दोनी संगंच."

"सोनार काही म्हणाला नाही?"

"काय म्हननार?" तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. "पाळी हाय की. जेवढा हाय तेवढा टोचायचा. पोरीचा कान बुच्चा ठेवत्यात व्हय?"

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. खाली वाकल्यामुळे माझे केस पुढे आले असावेत. लहान मुले आणि वारा यांच्यापुढे आईची विंचरणी कधी टिकत नसे. ती आईला हिंदीत म्हणाली, "मम्मी, आंटी का भी मेरे जैसा है. पर खाली है."

तिच्या आईने तिच्या पाठीत हलकी चापटी मारली आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिले की मी कागद गोळा करून निघाले. संमती घ्यायची राहून गेली.

बाथरूममध्ये आरशासमोर केस मागे घेतले आणि खालचे टोक दोन बोटांत धरून पाहिले. मऊ. चरबी आणि त्वचा. ज्या जागेवर मी इतकी वर्षे बाण काढून 'येथे कूर्चा नाही' लिहीत होते, ती जागा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. कुडीला कानाची गरजच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा तरी केवढा, पार पीएचडीपर्यंत. मला हसू आले आणि लगोलग रडू आले, आणि शेजारच्या बेसिनवरची नर्स "सब ठीक है मॅडम?" म्हणाली ती नेमकी डावीकडून, त्यामुळे तिला दोनदा विचारावे लागले.

थंडी ओसरल्यावर आई महिनाभरासाठी आली. मी मनात धरले होते की सहज सांगू, ती कपाळाला हात लावेल, दोघी हसू. दुपारी मटार सोलत बसलो होतो. मी त्या मुलीची गोष्ट सांगितली, आणि मग म्हणाले, "आई, माझी पाळी होती की. सोनाराला कळलं नसेल. टोचता आला असता."

आईने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे पातेल्यात टाकले.

"तो टोचतच होता," ती म्हणाली. "सुई लावली होती त्याने. मीच हात धरला त्याचा."

"आणि कान आल्यावर टोचू?"

"ते मी म्हटलं होतं. तुला सांगताना त्याच्या तोंडी घातलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "कानात काही घातलं की लोकांची नजर जाते तिकडे. कुडी बोलावून घेते लोकांना. मला कुणी बघायला नको होतं. आणि मग तू विचारायला लागलीस, कान कधी येणार. काय सांगायचं होतं मी? वाट बघायला काहीतरी असलेलं बरं, वाटलं."

मला फार राग आला. तो शहाणा, समजूतदार राग नव्हता. माझ्या दिवाळ्या, बाबांचे तेरावे, गुलाबी द्रव, ती रिकामी खोली, सगळे एका झोपताना सांगितलेल्या गोष्टीवर उभे होते आणि ती गोष्टच हिने बनवली होती. मी उठले, "गोळ्यांना खायला घालायचंय" म्हणाले आणि प्रयोगशाळेत गेले. त्या दिवशी खायला घालायचे नव्हते. मी नळ्या काढून उजेडात धरल्या आणि परत ठेवल्या. त्यांचा काय दोष? त्या आपल्या जशा व्हायच्या तशा होत होत्या. संध्याकाळी परतले तेव्हा आईने मटारउसळ करून झाकून ठेवली होती आणि स्वतः जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "चल, करोल बाग."

दिल्लीच्या सीमेवर ऑटो बदलली, पुढे मेट्रो. आईला मेट्रोचे कौतुक करायचे होते, पण ती पिशवी मांडीवर धरून समोर बघत राहिली. दुकानातल्या माणसाने टोचायची बंदूक काढली. आई म्हणाली, "बंदूक नको. तारेने टोचा." मग तिने माझे केस स्वतःच्या हाताने मागे घेतले आणि भर दुकानात, पाच-सहा बायकांसमोर, टोचून होईपर्यंत तसेच धरून ठेवले. दुखले किती ते मला आठवत नाही.

कुडी लगेच घालता येणार नव्हती. भोक भरून येईपर्यंत सोन्याची तारच ठेवायची होती. तोवर आईचे परतीचे तिकीट आले. स्टेशनवर तिने ती मखमली डबी माझ्या हातात दिली. "घातलीस की सांग," म्हणाली. यावेळी तिने कुठवर आलेय ते विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. कान येत नाही हे तिला बहुतेक कळले होते.

एका रविवारी सकाळी मी दोन्ही कुड्या घातल्या. डावी जरा तिरकी बसली, मोती पुढे आले. केस वर बांधले. घरात दाखवायला कोणी नव्हते. खाली जाऊन परतताना लिफ्टमध्ये शेजारीण भेटली, ती कामावरून येत होती, डोळे अर्धे मिटलेले. "गुड नाइट," म्हणाली आणि आत गेली. मीही घरात येऊन आईला फोन लावला.

"घातली," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

मोबाइलवर तेव्हा चेहरा दिसायचा नाही. मला एकदम काय वाटले कोण जाणे, मी फोन उजव्या कानावरून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या बाजूला लावला. मला तिथून काही ऐकू येणार नव्हते. पण मी मान हलवली आणि कुडी फोनला लागली. ते मला गालात जाणवले. पुन्हा हलवली. टक, टक, तिला ऐकू जात असावे.

फोन मी तसाच धरून ठेवला. ती पलीकडे बराच वेळ बोलत होती, हे मला बोटांना लागणाऱ्या बारीक थरथरीवरून कळत होते. काय बोलली ते मी तिला कधी विचारले नाही.